उंबऱ्यावरचा सूर

‘एअर सप्लाय’ या सॉफ्ट रॉक बँडचं ‘ऑल आउट ऑफ लव्ह’ १९८० साली आलं. गाणं तसं साधंच. चुकलो, तुझ्याविना राहवत नाही, एवढाच मजकूर. त्यात कविता शोधायला जाऊ नये. पण शेवटी गायक रसेल हिचकॉक एक सूर लावतो आणि सुमारे १६ सेकंद सोडतच नाही. ‘येतो’ म्हणून उठलेला पाहुणा उंबऱ्यावर चौकटीला हात लावून उभाच राहावा, तसा. सांगायचं ते सांगून झालंय, पाय मात्र निघत नाही.

आपल्या कानाला लांब सुराचं काय कौतुक? किराणा घराण्याचा षड्ज ऐकलेला माणूस १६ सेकंदांना हसेल. पण तिथे खाली तानपुरा अढळ असतो आणि सूर त्याच्याशी किती मिळाला, हे कान पारखत राहतो. अशा बॅलडमध्ये उलटंच असतं. वर सूर थांबलेला आणि खालचे कॉर्ड बदलत जाणारे. तोच सूर आत्ता निवांत वाटतो, कॉर्ड बदलला की टोचतो, मग पुन्हा विसावतो. गायक जागचा हलत नाही, तरी भाव पालटतो. ही गंमत निवांत चाखायची तर बिल विदर्सचं १९७७ चं ‘लव्हली डे’ ऐकावं. ते सॉफ्ट रॉक नव्हे, सोल. पण या बाबतीत गुरुस्थानी. जवळजवळ १८ सेकंद सूर एका जागी आणि खालून अख्खा वाद्यवृंद पुढे चाललेला. आणि हा गायक विशीतही बोलताना अडखळायचा!

इतका लांब सूर धरायला छातीभर श्वास घेतला म्हणून भागत नाही; कसब तो पुरवून पुरवून सोडण्यात आहे. पुष्कळ गायक सूर आधी सरळ लावतात, कंप मागाहून येऊ देतात. स्टुडिओत कॉम्प्रेसरही मदतीला असतो. दम ओसरला तरी आवाजाची पातळी तो फारशी पडू देत नाही. मला ही लबाडी वाटत नाही.

२००० साली ‘आ-हा’ या बँडच्या मॉर्टन हार्केटने ‘समर मूव्ह्ड ऑन’मध्ये सूर २० सेकंदांपर्यंत नेला. थक्क व्हायला होतं, पण लक्ष फुप्फुसांकडेच जातं. त्यापेक्षा हिचकॉकचा तो टोकदार, विनवणीकडे झुकणारा आवाज मला जवळचा. रेडिओवाले मात्र गाणं संपलंच असं धरून नेमक्या त्याच सुरावर जाहिरात सोडतात.