एका मण्याचं ऋण

माझ्या आईच्या तुळशीमाळेत एकशेआठ मणी होते. त्यातला एक तिचा नव्हता.

आम्ही माणदेशातले. 1971च्या श्रावणात वडलांना पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि उजाडायच्या आत ते गेले. मी नऊ वर्षांची, भाऊ चार वर्षांचा. त्याच कार्तिकीला आईनं पंढरपुरात माळ घातली, आमच्या दिंडीच्या विणेकरी बुवांच्या हातून. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवलेली. बुवा एकेक नेम सांगत गेले आणि आई मान हलवत गेली. मद्यमांस वर्ज्य, खोटं बोलायचं नाही, दोन्ही पक्षांतली एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा, वारी चुकवायची नाही. घरी आल्यावर चुलती म्हणाली, "खायाचं वांदं, त्यात आणि उपास कशाला डोईवर घेतलास?"

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. दुष्काळी कामं निघाली तेव्हा आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. बुवाही तिथंच. त्यांची विहीरबागायत, पण दुष्काळानं त्यांच्याही हातात घण दिला होता. रेशनला मिलो यायचा, ती लाल परदेशी ज्वारी. कामावर सुकडी मिळायची. ती चव अजून जिभेवर आहे.

एकादशीला आई आपल्या वाट्याची सुकडी आम्हा दोघांना द्यायची. एकदा मी रडून म्हटलं, आज तरी खा. ती म्हणाली, "रोजचा उपास दुस्काळाचा गं. ह्यो माजा हाय, माज्या इठ्ठलाचा." मला तेव्हा ते काहीच कळलं नाही. एवढं मात्र दिसायचं, की इतर दिवशी भुकेनं गप्प झालेली आई एकादशीला खडी फोडताना ओव्या म्हणायची. भूक तीच, पोट तेच. पण त्या दिवशीची भूक तिनं स्वतः होऊन कुणाला तरी दिलेली असायची.

चैत्रात एका दुपारी घण उचलताना तिची माळ तुटली. मणी खडीत उधळले. तुटलेली माळ पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत माळकरी अन्नाला शिवत नाही. आई खाली बसली आणि खडी चाळू लागली. शेजारच्या बायकांनी हातातली कामं टाकली. पोरंसोरं वाकली. उन्हानं खडी तापलेली, बोटं भाजत होती. संध्याकाळपर्यंत एकशेसात मणी जमले. शेवटचा काही केल्या सापडेना. आई रडली ती तेव्हा. वडील गेले त्या दिवशीही मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

बुवा आले. काही न बोलता त्यांनी आपल्या गळ्यातली माळ काढली, गाठ सोडली, एक मणी आईच्या तळहातावर ठेवला. "बुवा, तुमची?" आईनं विचारलं. "एका मण्यानं माजं नाम अडत न्हाई. तुजी भाकर अडलीया," ते म्हणाले. मग त्यांनाही माळ पुन्हा ओवावी लागली. कंदिलाच्या उजेडात दोघं समोरासमोर बसून ओवत होती आणि दोघंही उपाशी होती.

विठ्ठलानं तुमच्या आईला नेमकी काय मदत केली, असं मला विचारणारे भेटतात. पाऊस त्यानं पाडला नाही, वडील परत दिले नाहीत. माझे यजमान मूत्रपिंडाच्या आजारानं तीन वर्षं अंथरुणाला होते, तेही त्यानं राखले नाहीत. त्या तीन वर्षांत मी एकही एकादशी सोडली नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून हरिपाठ म्हटला. मी सोसलं ते माझ्या बळावर, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रात्री-अपरात्री दिंडीतली माणसं डबा घेऊन उभी राहायची. "माउली, जेवून घ्या," एवढंच बोलायची. आईपुढं मणी धरणारा हात आणि हा डबा धरणारा हात मला वेगळे वाटत नाहीत. ते त्याचेच आहेत, असं मी पूर्ण श्रद्धेनं म्हणते.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचं पाकीट घेऊन मी बुवांकडे गेले होते. त्यांनी हात लावला नाही. "माजं पाय थकल्यावर माजी वारी तू चालीव," म्हणाले. मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शब्द मी तेव्हा दिला.

आई गेली तेव्हा माळ गळ्यातच ठेवली आम्ही. बुवांचा मणीही तिच्याबरोबर गेला. बुवा त्याआधीच गेले होते. त्यांची मुलं मुंबईला, घराला कुलूप.

दर आषाढात मी फलटणला माउलींच्या पालखीत मिळते. 2020 साली पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, त्या वर्षी तेवढे दिवस मी अंगणातल्या तुळशीभोवती चालले. पंढरपुरात नामदेव पायरीशी पोचल्यावर मी आधी बुवांचं म्हणून डोकं टेकते, मग आईचं म्हणून. तोवर मागून गर्दी रेटू लागते आणि माझं टेकवायचं राहून जातं. मग मी बाजूला होते, कळसाकडे पाहून हात जोडते आणि चंद्रभागेकडे वळते.