नाव आणि वहिवाट

आमच्या लहानपणी वडिलांची एक मोटार होती. तिच्या पाठीवर धातूच्या अक्षरांत ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नाव असे. परंतु घरात, गल्लीत किंवा बेळगावच्या कोर्टाच्या आवारात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस आम्हांस कधी भेटला नाही. सगळे तिला ‘फियाट’च म्हणत. मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्याने इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी काढली आणि पुढे तिचे नाव बदलले. पण लोकांच्या जिभेने तो नामांतराचा ठराव अखेरपर्यंत मंजूर केला नाही. कागदावरचे नाव एक आणि चालीतले नाव दुसरे, हा भेद वकिलीच्या पुस्तकांआधी आम्हांस त्या गाडीने शिकविला.

पुढे कुतूहलाने या फियाटचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तिच्याच तुरीन शहरातील दुसऱ्या एका मोटारीच्या नावाने आम्हांस अधिक अस्वस्थ केले. ते नाव लान्चा. फियाटची कथा व्यापाराची आहे. लान्चाची कथा वारशाची आहे. आणि वारशाचे कज्जे पाहण्यातच आमचे आयुष्य चालले असल्यामुळे असेल, ती कथा आम्हांस घरची वाटली.

विन्चेन्झो लान्चा हा मूळचा हिशेबनीस. त्याच्या वडिलांच्या तुरीनमधील घराच्या आवारात एक कारखानदार भाड्याने सायकली व मोटारी बनवीत असे. तेथे हा तरुण जमाखर्च लिहावयास लागला आणि वही सोडून यंत्रांत रमला. 1899 साली तो कारखाना नव्याने निघालेल्या फियाटने विकत घेतला, तेव्हा हाही तिकडे गेला आणि फियाटचा शर्यतपटू म्हणून नावारूपास आला. 1906 साली क्लाउदिओ फोगोलिन या सहकाऱ्यासह त्याने स्वतःची कंपनी काढली.

शर्यतीत धावणारा हा गृहस्थ कारखानदार होताच वेगापेक्षा विचाराच्या मागे लागला. 1922 साली त्याने ‘लाम्ब्दा’ ही गाडी जगापुढे मांडली. तोवर मोटार म्हणजे खाली लोखंडी चौकट आणि वर तिच्यावर बसविलेला गाडा, अशी रचना असे. लान्चाने चौकट वेगळी ठेवलीच नाही. जहाजाच्या सांगाड्याप्रमाणे संपूर्ण देहच भार वाहणारा केला आणि पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून मोकळी केली, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याने डगमगू नये. आज रस्त्यावरील बहुतेक लहान गाड्या याच वाटेने बनतात. 1937 च्या फेब्रुवारीत तो वारला. मागे राहिली ती ‘आप्रिलिया’, हवेला वाट देणाऱ्या आकाराची त्याची अखेरची गाडी.

वारस जान्नी लान्चा हा तरुण आणि धाडसी होता. त्याच्या काळात, 1950 साली, ‘आउरेलिया’ निघाली. सहा नळकांड्यांचे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे इंजिन नियमित उत्पादनाच्या मोटारीत प्रथम तिच्यातच बसले. आप्पिया, फ्लामिनिया, फुल्विया या पुढच्या गाड्यांप्रमाणे हिलाही प्राचीन रोमन राजरस्त्याचे नाव होते. परंतु जान्नीला शर्यतींचा ध्यास लागला. 1954 साली त्याच्या गाडीने मिल्ले मिल्या ही हजार मैलांची शर्यत जिंकली, आणि त्याच वर्षी डी-50 ही गाडी सर्वोच्च शर्यतींत उतरली. पैसा पाण्यासारखा वाहिला. 1955 च्या मे महिन्यात त्यांचा श्रेष्ठ चालक आल्बेर्तो आस्कारी मोन्झाच्या शर्यतपट्टीवर दुसऱ्याच कंपनीची गाडी चालवून पाहताना मरण पावला. दोन महिन्यांत लान्चाने त्या साऱ्या गाड्या फेरारीच्या स्वाधीन केल्या, आणि 1956 साली त्याच वंशाच्या गाडीवर फान्जिओ जगज्जेता झाला. पेरले एकाने, कापले दुसऱ्याने! कंपनी लान्चा कुटुंबाच्या हातून सिमेंटच्या धंद्यातील पेसेन्ती घराण्याकडे गेली, आणि 1969 साली कर्जासह फियाटकडे आली. ज्या फियाटसाठी संस्थापक तरुणपणी शर्यती धावला, तीच अखेर त्याच्या नावाची धनीण झाली.

येथे कथा संपली असे वाटावे. पण खरा पराक्रम यापुढचाच आहे. खडी, बर्फ आणि घाट यांतून चालणाऱ्या ज्या शर्यतींस रॅली म्हणतात, त्यांत 1972 साली फुल्वियाने माँटे कार्लो जिंकली. ‘स्ट्राटोस’ने 1974 पासून सलग तीन वर्षे जगज्जेतेपद आणले, 1983 साली ‘037’ने चार चाकांना जोर देणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना केवळ मागच्या दोन चाकांच्या बळावर नमविले, आणि 1987 ते 1992 अशी सलग सहा वर्षे ‘डेल्टा’ अजिंक्य राहिली. एकूण दहा जगज्जेतेपदे. 2025 च्या अखेरीपर्यंत कोणत्याही कंपनीला तो आकडा गाठता आला नव्हता. म्हणजे मालक बदलल्याने नाव मेले नाही. मालक परका असूनही नावाची चाल राखली जात होती, तोवर ते जिवंत होते.

आमच्या व्यवसायात मालकी आणि वहिवाट असा एक भेद आहे. मालकी दस्ताने मिळते. वहिवाट रोज करावी लागते. खरेदीखत कपाटात सुरक्षित असते, आणि शेतातली पायवाट मात्र कोणी न चालल्यामुळे गवताखाली गडप होते. लान्चाचे नेमके हेच झाले. 1972 साली निघालेल्या ‘बेटा’ गाडीला गंज चढतो अशी ओरड इंग्लंडात झाली आणि 1980 च्या सुमारास कंपनीला गाड्या परत विकत घेऊन मोडीत काढाव्या लागल्या. ती बाहेरची जखम होती. आतली याहून खोल होती. 1986 साली फियाटने आल्फा रोमिओही घेतली. पुढे वेगाचा मान तिच्याकडे आणि लान्चाकडे केवळ मऊ बैठकांचा, अशी वाटणी झाली. रॅलीतून पाऊल मागे घेतले गेले. 2011 साली तर अमेरिकेच्या क्रायस्लर गाड्यांवर लान्चाची मुद्रा ठोकून त्या युरोपात विकल्या गेल्या, आणि इंग्लंडात उलट लान्चाच्या गाड्या क्रायस्लर म्हणून! एकाचा देह, दुसऱ्याचे नाव. कायद्याने यात वावगे काहीच नव्हते. दोन्ही नावांचा धनी एकच होता. पण गिऱ्हाईक दस्त वाचत नाही, तो गाडी चालवून पाहतो.

2017 पासून लान्चा केवळ इटलीत, आणि ‘इप्सिलॉन’ या एकाच छोट्या गाडीपुरती उरली. तरी गंमत अशी की 2019 साली हीच एक गाडी, एकाच देशात, आल्फा रोमिओच्या साऱ्या युरोपातील विक्रीहून अधिक विकली गेली. घरच्या माणसांनी वहिवाट मोडू दिली नव्हती.

आता जीर्णोद्धाराची गोष्ट. 2021 साली स्टेलान्टिस हा नवा उद्योगसमूह निर्माण झाला आणि 2024 साली नवी इप्सिलॉन आली. ती प्यूजो आणि ओपेल यांच्या लहान गाड्यांच्याच पायावर, स्पेनमधील साऱागोसा येथे बनते. तिच्या पहिल्या मालिकेत संस्थापनेच्या वर्षास अनुसरून नेमक्या 1906 गाड्या क्रमांक घालून काढल्या. किंमत चढली, आणि इटलीतील जुने, साधे गिऱ्हाईक दूर गेले. विक्री झपाट्याने घसरली. आम्हांस त्या 1906 या आकड्याचे कौतुक वाटले नाही. देवळाच्या कळसाला सोन्याचा मुलामा देणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. आधी जोते पाहावे लागते. परंतु दुसरी एक बातमी वाचून आशा वाटली. 1988 व 1989 साली लान्चावर जगज्जेता झालेला मिकी बियाझिओन नव्या वेगवान इप्सिलॉनच्या घडणीत सल्ला देत होता, आणि 2026 पासून जागतिक रॅलीच्या दुसऱ्या वर्गात पुन्हा उतरण्याचे कंपनीने जाहीर केले. दुसऱ्याच वर्गात का होईना, पायवाटेवर पुन्हा पाऊल पडणार, हे महत्त्वाचे.

हे सारे आम्ही इतक्या आस्थेने का लिहितो, ते सांगणे प्राप्त आहे. आमच्या कचेरीच्या दारावर आजही वडिलांच्याच नावाची पाटी आहे. ते वारले तेव्हा आम्ही तिशीत होतो. पक्षकार आले ते त्या पाटीकडे पाहून, आणि आम्ही ते आमचे कर्तृत्व समजलो. एका वृद्ध शेतकरी पक्षकाराच्या खरेदीखतात आम्ही चतुःसीमा लिहिताना पूर्वेची हद्द पश्चिमेस घातली. चूकदुरुस्तीचा लेख करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हाताऱ्याने पायऱ्या उतरताना एकदा मागे वळून पाहिले आणि शांतपणे म्हटले, “पाटी साहेबांचीच हाय, पण मसुदा तुमचा.” तो पुन्हा आला नाही.

त्या दिवशी पाटी उतरवावी असे मनात आले होते. उतरविली नाही, कारण तिचा दोष नव्हता. वडील प्रत्येक दस्त सहीपूर्वी पक्षकारासमोर मोठ्याने वाचीत. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस असे थांबून थांबून, बोटाने हवेत दिशा दाखवीत. आम्हांस तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटे. आता आम्हीही तसेच वाचतो. परवा त्या म्हाताऱ्याचा नातू वाटणीपत्र करावयास आला. आजोबांनी आम्हांविषयी काय सांगितले होते हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. कागद पुढे ओढला आणि पूर्वेपासून वाचावयास आरंभ केला.