सापगाव नं. ४

घरी बिअर करायला सगळ्यात जास्त काय लागतं? माल्ट? हॉप्स? छे! धीर. आणि तो माझ्याकडे औषधालाही नव्हता.

ऑनसाइटला लीड्समध्ये होतो तेव्हाची गोष्ट. वाढदिवसाला टीमने एक भलंमोठं खोकं हातात ठेवलं. नवशिक्यांसाठीचं होमब्रू किट! आत झाकणाची मोठी प्लास्टिकची बादली, हॉप्स घातलेल्या माल्टच्या घट्ट पाकाचा १.७ किलोचा डबा आणि यीस्टची पुडी. कृती मॅगीइतकी सोपी. पाक गरम पाण्यात विरघळवा, किलोभर साखर घाला, गार पाणी ओतून २३ लिटर करा, वीस अंशांच्या आसपास यीस्ट टाका आणि दोन आठवडे बादलीकडे बघूसुद्धा नका.

मी रोज बघत होतो, ते सोडा. पहिली बिअर तयार झाली आणि चव अगदी रात्रभर उघड्या राहिलेल्या बाटलीसारखी. पाणचट! कारण नंतर कळलं. साधी साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं, मागे फक्त अल्कोहोल उरतो. बिअरला दाटपणा येतो तो माल्टमधल्या, यीस्टला न पचणाऱ्या भागामुळे. म्हणून किटमध्ये पहिली सुधारणा हीच करायची : साखर कमी, माल्ट पावडर जास्त.

पण एवढ्यावर थांबेल तो मराठी माणूस कसला? दुसऱ्या खेपेला मी आईने दिलेला मसाल्याचा डबाच उघडला. लवंग, वेलची, दालचिनी, मिरी... जे हाताला लागलं ते आत. झाली ती बिअर नव्हती, दातदुखीवरचं औषध होतं. लवंगेने जीभ बधिर झाल्यामुळे बाकी काही कळलंच नाही. तिसऱ्या खेपेला किलोभर गूळ घातला. बुडबुडे मंदावल्यासारखे वाटले म्हणून घाईघाईने बाटल्या भरल्या. चौथ्या रात्री तीन वाजता किचनमध्ये धडाम! बाटलीत गेल्यावरही यीस्टचं काम चालूच होतं. घनता मोजायचा काचेचा हायड्रोमीटर दोन-तीन दिवस तोच आकडा दाखवेपर्यंत बाटली भरायची नसते. हे किटच्या कागदावर लिहिलेलं होतं. वाचतो कोण?

चौथ्या खेपेला मात्र शहाणा झालो. एका वेळी एकच बदल. गूळ फक्त ३०० ग्रॅम. त्याची गोडी यीस्ट खाऊन टाकतं, मागे राहतो तो त्याचा खमंगपणा. दुसरा बदल नंतरच्या खेपेला करायचा, असं ठरवलं होतं. पण बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात हे वाचलं आणि राहवलं नाही. धणे! आपल्या डब्यातले! ठेचलेले दोन चमचे धणे दहा मिनिटं उकळले आणि बादलीत ओतले. ही बिअर सॉल्लिड जमली. सोनेरी, हलकी, मागून धण्याचा वास. ऑफिसमधल्या प्रिंटरवर लेबलं छापली : ‘सापगाव नं. ४’.

“सापगाव म्हणजे?” टीममधल्यांनी विचारलं. माझं गाव, म्हटलं. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसा नदीच्या काठी. मुंबईतल्या निम्म्या ऑफिसांच्या कूलरमध्ये आमच्याच नदीचं पाणी असतं. त्या रात्री अशी छाती फुगली होती की विचारू नका.

त्याच तोऱ्यात चैत्रात घरी आलो. बॅगेत मोज्यांत गुंडाळून एक बाटली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. शुद्धलेखनाची चूक काढतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “गावाचं नाव बाटलीवर कशाला घातलंस?”

मी गप्प. बाबांच्या वर्गात दारूने बाप गेलेली मुलं दरवर्षी असायची, हे मला माहीत होतं. आडवी बाटली म्हणणाऱ्या बायकांचे अर्ज त्यांनीच लिहून दिलेले. बाटली मुकाट्याने पडवीत ठेवली.

तिथे आमच्या शेतावर कामाला येणारी कातकरी आजी बसली होती. तिला सगळे बायच म्हणतात. पुढ्यात पहाटे वेचलेली मोहाची फुलं वाळत घातलेली. मोबाइलवर तिला बादलीचे फोटो दाखवले, यीस्ट, हायड्रोमीटर, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं.

“येवढा सामान?” ती म्हणाली. “मडक्याला कान लावायचा. भात शिजल्यासारखा आवाज येतो. बंद झाला का झाला.”

माझा हायड्रोमीटर तिने एका वाक्यात निकालात काढला! मोहाच्या सुक्या फुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. माल्टचा डबा झाडावरून पडतो म्हणा ना. मग तिने विचारलं, “आन् पोलीस?”

“तिकडे पोलीस येत नाहीत, बाय. परवानगी आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची मडकी किती वेळा फुटली, ते मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. एक हात पुरला नाही.

नंतर मी वाचत सुटलो. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची नाही, एवढंच. आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने दारूचा धंदा मुठीत घेतला, कारण त्याला महसूल हवा होता. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला. दारूवर नाही, फुलांवरच बंधनं! आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे. आपण ज्या ‘परमिट रूम’मध्ये शुक्रवारी बसतो, ती पाटी त्याचीच देणगी. तेव्हा तुम्हीही किट मागवायच्या विचारात असाल तर जरा थांबा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, धणे घाला नाहीतर घालू नका.

मग बाय बरोबर आणि बाबा चूक? इतकं सोपं नाही. बिअर आंबवली की झाली, मोहाची दारू पुढे भट्टीवर गाळतात, ती कितीतरी कडक. आणि २०१५ मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. तिथे घात केला मिथेनॉलने. फुलाचा त्यात काही हात नव्हता, पण घरं उद्ध्वस्त झालीच. बायचा मुलगाही दारूतच गेला. तिच्या मडक्यातल्या नाही, नाक्यावरच्या पिशवीतल्या. हे तिनेच सांगितलं, फुलं चाळता चाळता. बाबा आणि बाय एकाच गोष्टीला घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ती बाटली शेवटी उघडलीच नाही. लेबल मात्र मी सोलून काढलं. माझ्यासाठी जो वीकेंडचा छंद होता, त्यापायी ज्यांची मडकी फुटली, त्यांच्या गावाचं नाव मिरवायचा हक्क मला नव्हता.

आता मुंबईतच नोकरी आहे. बादली, नळी, हायड्रोमीटर सगळं सापगावच्या घरी माळ्यावर पडलंय. दरवर्षी मोह पडायला लागला की बाय हमखास विचारते, “बाला, तुजा डबा कुठं हाय?”

“माळ्यावर, बाय.”

ती हसते. “माजा मडका पन वरच हाय.”