मोतमाऊलीच्या पायऱ्यांवर

कोर्टकचेरीच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाने आपल्यापैकी पुष्कळांचे मुंबईला जाणे होते. तशा खेपेत अर्धा दिवस हाताशी राहिला, तर वांद्र्याची मोतमाऊली जरूर पाहून या. वांद्रे स्टेशनात पश्चिमेला उतरावे आणि बस किंवा रिक्षा धरून समुद्राकाठच्या टेकडीवर जावे. वर मरियामातेचे चर्च आहे. सध्याची इमारत १९०४ सालची. पण आतली मूर्ती पोर्तुगीज अमदानीतली, जेझुइट पाद्र्यांनी आणलेली.

८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस. त्या सुमारास इथे आठवडाभर जत्रा भरते. पाळणे, मिठाई, चणे-फुटाणे, पोरांची पिपाणी आणि फुगे, सगळे आपल्याच जत्रेसारखे. कोळी, ईस्ट इंडियन आणि वसईकडचे ख्रिस्ती शेतकरी तर येतातच, पण रांगेत हिंदू, मुसलमान, पारशीही दिसतात.

तुमचे लक्ष वेधून घेतील ती मेणाच्या वस्तूंची दुकाने. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय घेतो. कुणी हात, कुणी डोळे, कुणी आख्खी मेणाची बाहुली. मूल हवे त्याला मेणाचे बाळ, घर हवे त्याला मेणाचे घर. आपण नवसाला चांदीचे डोळे नाहीतर पाळणा वाहतो, तशीच ही रीत. आणि गंमत पाहा, १७०० साली अरबी चाच्यांनी सोन्याच्या लोभाने या मूर्तीचाच उजवा हात तोडला, असे सांगतात. जिचा हात तुटला, तिच्यापुढे माणसे हातपाय धड राहावेत म्हणून येतात.

या मेणामुळे एक गोष्ट सोपी होते. हातातली वस्तूच माणसाचे दुखणे सांगते. त्यामुळे अनोळखी माणसांत बोलणे सुरू व्हायला वेळ लागत नाही. ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष’ देणे म्हणतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते चारचौघांत सांगणे. इथे ती पायऱ्यांवर बसल्या बसल्या चालते.

माझ्या शेजारी वसईकडची एक म्हातारी बसली होती. केळी आणि पानवेलीचा मळा राखलेली, लाल लुगड्यातली. पलीकडे जुन्नरकडची एक तरुण बाई होती. तिच्या हातात मेणाची बाहुली. म्हातारीने विचारले, “कोणासाठी गं बाय?”

“मालकांसाठी, मावशी. क्षय झालाय. दोन महिने गोळ्या खाल्ल्या. आता खोकला थांबलाय.”

म्हातारी लगेच आपले सांगू लागली नाही. आधी घरात मुले किती, शेत कोण बघते, ते विचारले. मग म्हणाली, “मलाही झाला होता. लोक ताट वेगळं ठेवायचे. मी रोज रात्री माळ जपायची आणि माऊलीला म्हणायची, मला एकटी टाकू नको. तिनं टाकलं नाही.”

जुन्नरच्या बाईचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, “मग मावशी, आता नवस फेडला म्हणजे गोळ्या बंद केल्या तरी चालतील ना? मालकांना त्या सोसत नाहीत.”

“अगं बाय, असं करू नको!” म्हातारीने तिचा हातच धरला. “मी गोळ्या पुऱ्या केल्या. ओकारी यायची, तरी गिळायची. माऊलीनं मला गिळायचं बळ दिलं, हीच माझी साक्ष. सोसत नसतील तर डॉक्टरला सांग, तो बघेल. पण बंद करू नको.”

वाचकहो, क्षयाचा साधा उपचार सुमारे सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरे वाटते, पण जंतू मेलेले नसतात. मध्येच औषध सोडले तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार अवघड होतो. एका चुकीच्या साक्षीने त्या घरचा कर्ता माणूस गेला असता.

चर्चसुद्धा अशा बाबतीत घाई करीत नाही. फ्रान्समध्ये लूर्द नावाचे गाव आहे. तिथे १८५८ साली बर्नादेत या गरीब मुलीला मरियामातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. जगभरचे आजारी तिथे जातात. १८८३ पासून तिथे डॉक्टरांची कचेरी आहे. बरे झालो म्हणणाऱ्याची ती नीट तपासणी करते. हजारोंनी आपली हकीकत सांगितली, पण २०१८ सालापर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केल्या त्या अवघ्या ७०.

आपला देव कोणता का असेना, एस.टी.त, दवाखान्याच्या ओट्यावर आपणही परक्याला आपले दुखणे सांगतोच. जरूर सांगावे, त्याने जड झालेले मन हलके होते. मात्र आधी समोरच्याचे ऐकावे. आपल्याला काय झाले तेवढेच सांगावे. तुलाही तसेच होईल, असा शब्द देऊ नये. आणि देवाचे नाव घेताना डॉक्टरचे नाव गाळू नये. जी साक्ष आजाऱ्याला औषध पुरे करायचे बळ देते, ती खरी.