सरासरीत हरवलेली वस्ती



गणिताला घाबरायचं नाही, हे विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते स्पर्धा परीक्षेपुरतं असावं अशी आमची समजूत होती. साथरोग नियंत्रणाच्या संख्याशास्त्रीय प्रशिक्षणाला आम्ही चौघं गेलो आणि ती समजूत मोडली. आमच्यात दोघी नर्स, एक लॅब टेक्निशियन आणि एक टीबी हेल्थ व्हिजिटर. चौघंही एकाच वस्तीतले.

दुसऱ्या दिवशी सरांनी पडद्यावर एक वक्ररेषा दाखवली. मुंबईत प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली आपलं समीकरण याच आकड्यांवर लावून दाखवलं. माणसांचे तीन गट: लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. साथीचं गणित शिकणारा जगातला विद्यार्थी आजही इथूनच सुरुवात करतो. बाकीचे वहीत उतरवून घेत होते, आम्ही मात्र त्या तारखांपाशीच अडकलो. त्याच महिन्यांत भीमराव परळच्या चाळीतल्या एका खोलीत मॅट्रिकचा अभ्यास करत होते. त्याआधी १० मार्च १८९७ ला याच रोगाने सावित्रीमाई गेल्या, रुग्णांची सेवा करता करता.

मग सर म्हणाले, या समीकरणात एक गृहीत धरलंय. प्रत्येक माणूस इतर प्रत्येकाला सारख्याच शक्यतेने भेटतो.

आमच्यातली एक जण हात वर करून म्हणाली, "सर, आमच्या गावात तसं कोणी भेटत नाही. पाणवठासुद्धा वेगळा होता." वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुढचा तास त्यांनी त्यावरच घेतला. समाज गटांत तोडायचा, कोणता गट कोणाला किती भेटतो याचा तक्ता मांडायचा. सरासरीने पाहिलं तर विझायला हवी अशी साथ एखाद्या दाट गटात धुमसत राहते, हे तेव्हा दिसतं. बाबासाहेबांनी १९१६ मध्येच जात म्हणजे बंदिस्त वर्ग असं मांडलं होतं. गणितवाल्यांनी ते वाचलं असतं तर बरं झालं असतं!

आता हेच आपल्या वॉर्डाला लावू. समजा वॉर्डाची लोकसंख्या ४०,००० आणि वर्षाचे टीबी रुग्ण ६०. दर लाखी १५०. त्यातली वस्ती ४,००० ची आणि तिथले रुग्ण २४, तर वस्तीचा दर ६००, उरलेल्या वॉर्डाचा १००. कार्यालयात फक्त १५० पोहोचतो. तपासणीची एक्स-रे व्हॅन मागायला आम्ही पूर्वी गेलो तेव्हा "तुमचा वॉर्ड सरासरीतच आहे" असं उत्तर मिळालं होतं. तेव्हा आमच्याकडे घोषणा होत्या, भागाकार नव्हता.

आणि हे सापडलेले रुग्ण झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात टीबीची लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. निदानाला जितका उशीर, तितके दिवस माणूस घरात खोकत राहणार, आणि घर म्हणजे खिडकी नसलेली दहा बाय दहाची खोली.

परतल्यावर आम्ही रजिस्टरला गल्लीचा रकाना जोडला आणि एका पानावर हिशोब मांडला. वस्तीतल्या आजींना तो मुळीच आवडला नाही. "आधी शिवून घेत नव्हते, आता टीबीवाली वस्ती म्हणून टाळतील," त्या म्हणाल्या. हे खोटं नाही. शोध वाढला की आकडाही वाढतो, आणि तोच आकडा वस्तीला नावं ठेवायला वापरला जातो. दोन रात्री वाद झाला. शेवटी पानावर वस्तीचं नाव न घालता गल्ल्यांना क्रमांक दिले, आणि रुग्णसंख्येशेजारी खोलीत खिडकी किती, निदानाला किती दिवस लागले, हे रकाने घातले. दोष कुठे आहे ते त्याच पानावर दिसायला हवं, असा आमचा आग्रह होता. आजींचं पूर्ण समाधान झालेलं नाही.

व्हॅन आली. गल्लीत शिरेना म्हणून मोठ्या रस्त्यावर उभी राहिली, आम्ही घरोघर जाऊन माणसं आणली.

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून क्षेत्रीय साथरोगशास्त्र शिकवलं जातं. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिसचं प्रशिक्षण आहे, ते डॉक्टरांसाठी. दारोदार फिरून आकडा आणणाऱ्या आशाताईला मात्र फक्त फॉर्म भरायला शिकवतात. आणणारे वेगळे, वाचणारे वेगळे, ही वाटणी कुठून आली हे तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या तुकडीसाठी वस्तीतल्या दोन आशाताईंची नावं आम्ही पाठवली आहेत. "त्यांना गणित झेपेल का?" अशी विचारणा आली आहे. उत्तर म्हणून त्यांनीच केलेला गल्लीवार हिशोब जोडून दिला आहे.