उदयपूरच्या हॉटेलातील दोन रात्री

पुण्याच्या बुधवार पेठेत विजेच्या सामानाचे घाऊक दुकान असलेल्या एका कुटुंबाची ही हकिगत आहे. चार पिढ्यांपूर्वी ही मंडळी मारवाडातील पाली भागातून दक्षिणेत आली. घरात आता मराठी बोलली जाते; उपाश्रय, पर्युषण आणि चौविहार मात्र जसेच्या तसे राहिले. प्रवास या घराला नवा नव्हता. शिखरजी, पालिताणा, शंखेश्वर, आबू ही सारी स्थाने पाहून झाली होती, पण दर वेळी मुक्काम धर्मशाळेत. दादाजींच्या जुन्या वह्यांतून गादी, उशी आणि खोलीचे भाडे वेगवेगळे मांडलेले आजही सापडते. ते गेल्यावर दोन वर्षांनी, मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, त्यांच्या मुलाने पहिल्यांदाच ठरवले की, आईला एकदा मोठ्या हॉटेलात उतरवायचे. मे महिन्यात उदयपूरला ऊन कडक, म्हणून दर बरेच उतरलेले. हिशेबी माणसाला तेवढे निमित्त पुरले. दादींनी एकच अट घातली. दोन रात्री मुलांच्या, तर तिसरी रात्र राणकपूरला, धर्मशाळेत.

दुकान धाकट्या भावावर सोपवून दादी, मुलगा, सून, तेरा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू अशी पाच माणसे वांद्रे टर्मिनसहून निघाली.

हॉटेल पिछोला तलावाच्या बाजूला होते. तलावाच्या मधोमध जगनिवास हा पांढरा महाल पाण्यावर ठेवल्यासारखा दिसे. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी तो अठराव्या शतकात बांधविला आणि विसाव्या शतकात त्याचेही हॉटेल झाले. या कुटुंबाचा मुक्काम तेथे नव्हता; तेवढी ऐपत दाखविण्याची हौस कोणाला नव्हती. पण जे हॉटेल घेतले होते तेही थोडेथोडके नव्हते. दारात पगडीवाला, आत गुलाबपाण्याचा वास, आणि खोलीत एका पलंगावर सहा उशा. दादींनी त्या मोजल्या आणि चार उचलून कपाटात ठेवल्या. टॉवेलांची चळत तशीच राहू दिली. त्यांचा पंचा त्यांच्या पिशवीत होता. पाणी उकळण्याची किटली खोलीत होती, पण तिच्यात आधी कोणी काय उकळले असेल कोण जाणे, म्हणून त्यांनी स्वतःची छोटी शेगडी आणि पातेले काढले. सूनबाईंना क्षणभर संकोच वाटला. पुढे दोन दिवस मात्र सगळ्यांनी तेच पाणी घेतले.

मुलांचा आनंद पाहण्यासारखा होता. न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून नात आत बसली, तेव्हा दादी दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "एका अंघोळीला एवढे अप्काय?" नातीने टब अर्धा केला. दुसऱ्या दिवशी तिने बादली मागविली आणि हॉटेलला ती शोधायला वीस मिनिटे लागली.

खरी अडचण जेवणाची. जैन जेवण मिळते असे आरक्षणाच्या वेळी सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. पण संध्याकाळचे जेवण साडेसातला सुरू होई, आणि मे महिन्यात उदयपूरचा सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. पंधरा मिनिटांचा फरक. घड्याळाच्या दृष्टीने काहीच नाही. चौविहार करणाऱ्यासाठी एक रात्र उपाशी. वडील तक्रार करण्याच्या तयारीने खाली गेले. तेथे त्यांना मुख्य स्वयंपाकी भेटले, उत्तराखंडाकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी वाद घातला नाही, कागद-पेन्सिल काढली. कांदा, लसूण, बटाटा त्यांना ठाऊक होते. गाजर, मुळा, बीट त्यांनी लिहून घेतले. आले चालत नाही पण सुंठ चालते, ओली हळद नाही पण वाळलेली चालते, हे ऐकून ते थांबले आणि कारण विचारू लागले. तेव्हा दादी स्वतः पुढे झाल्या. जमिनीखाली वाढणाऱ्या कंदात अनंत जीव, तो उपटला की ते सारे जातात, आणि वाळलेल्या सुंठीत किंवा हळकुंडात तो ओलावा, तो जीव उरलेला नसतो, हे त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत पाच मिनिटांत सांगितले. स्वयंपाक्यांनीही त्यांना एक गोष्ट सांगितली, जी जैन घरांतून अजून पुरेशी ठाऊक नाही: मोठ्या हॉटेलांच्या गोड पदार्थांत अंडे नसले तरी जिलेटिन असू शकते, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मऊ गुलाबी मार्शमॅलो तर हमखास. नातीचा चेहरा उतरला. सकाळीच तिने दोन खाल्ले होते.

त्या संध्याकाळी सव्वासहाला खोलीत ताटे आली. मुगाची डाळ, फुलके, टिंड्याची भाजी, आणि मुलांसाठी कच्च्या केळ्याचे लांब काप, कुरकुरीत तळलेले. "फ्राईज," वाढणारा मुलगा हसून म्हणाला. नातवाने ताट पुसून खाल्ले. त्याने गेल्या पर्युषणात महाराजसाहेबांसमोर वर्षभर कंदमूळ न खाण्याचे पच्चक्खाण घेतले होते, आणि शाळेच्या डब्यांच्या गर्दीत ते नऊ महिने पाळलेही होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई-वडील आणि नात सिटी पॅलेस पाहायला गेली. नातवाला पोहायचे होते. दादी तलावकाठच्या छत्रीखाली माळ घेऊन बसल्या. पोहण्याच्या तलावावर रक्षक होता, पाणी उथळ होते, आणि नातवाला अहमदाबादची दोन समवयस्क मुले भेटली होती. त्या मुलांनी त्याला एक नवी विद्या शिकविली. येथे पैसे लागत नाहीत; खोलीचा क्रमांक सांगितला की हवे ते येते.

व्यापाऱ्याच्या मुलाला उधारी ठाऊक नसते असे नाही. पण दुकानात उधारीला वही असते, वहीत नाव असते, आणि दर शनिवारी वडील ते नाव मोठ्याने वाचतात. येथे तसे काहीच दिसेना. त्याने फ्राईज मागविले. पहिली प्लेट मागताना त्याच्या मनात कालचे केळेच होते, हे त्याने पुढे सांगितले आणि ते खरे मानायला हरकत नाही. पहिल्या घासालाच त्याला कळले की, हे केळे नव्हे. त्याने दादींकडे पाहिले. माळ फिरवता फिरवता त्यांचा डोळा लागला होता. त्याने प्लेट संपवली. मग दुसरी मागवली, आणि ती मात्र बटाट्याची आहे हे जाणूनच मागवली.

वाढणारा तो कालचाच पोरगा. वीसेक वर्षांचा असेल. क्रमांक त्याने लिहून घेतला, पण मुलगा ओल्या हातांनी पुन्हा पाण्यात उतरला, आणि पावतीवर सही राहून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी बिल ओळ-ओळ वाचले, जसे ते कारखान्याकडून आलेले प्रत्येक बिल वाचतात. एका ओळीवर बोट थांबले. फ्रेंच फ्राईज, दोन, नऊशे रुपये. "हे आमचे नाही," ते म्हणाले. "आमच्या घरात बटाटा कोणी खात नाही." आवाज चढलेला नव्हता; त्यात एक प्रकारचा अभिमानच होता. काउंटरवरच्या व्यवस्थापकाने पावती शोधली, तिच्यावर सही नव्हती. त्याने ती ओळ तत्काळ काढून टाकली, क्षमा मागितली, आणि फोन उचलून कोणाला तरी बोलावले. तो पोरगा आला. व्यवस्थापक त्याच्याशी हळू आवाजात बोलला. काय बोलला ते ऐकू आले नाही. पोरग्याची मान मात्र दिसत होती. त्याने एकदा नातवाकडे पाहिले आणि नजर फिरविली. नातू दादींच्या पदराला धरून उभा होता.

गाडी गोगुंद्यावरून निघाली. महाराणा प्रतापांचा राज्याभिषेक १५७२ मध्ये याच गावी झाला, आणि त्यांच्या पडत्या काळात आपली सारी पुंजी पुढे ठेवणारे भामाशाह आपल्याच समाजातले, हे वडील मोठ्या हौसेने सांगत होते. एरवी शंभर प्रश्न विचारणारा नातू खिडकीबाहेर पाहत राहिला. सायऱ्यानंतर घाट लागला, तेव्हा त्याला उलटी झाली. वळणांमुळे, असे सगळ्यांनी धरून चालले.

राणकपूर उदयपूरपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, अरवलीच्या कुशीत आहे. धरणाशाह या पोरवाड व्यापाऱ्याने पंधराव्या शतकात, राणा कुंभाच्या काळात, हे चौमुख आदिनाथाचे मंदिर उभारले. खांब १,४४४, आणि एकासारखा दुसरा नाही असे सांगतात. नातीने चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले. चारही दिशांना तोंड केलेल्या भगवंतासमोर कोणत्याही खांबाचा आडोसा येत नाही, हे तिच्या ध्यानात आले आणि ती मोजण्यापेक्षा त्याच नवलात रमली. संगमरवर मे महिन्याच्या दुपारीही पायांना गार लागत होता. भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी साधे जेवण झाले; तेथे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

संध्याकाळी दादी प्रतिक्रमणाला बसण्यापूर्वी आसन झटकीत होत्या. नातू येऊन त्यांच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "दादी, ते फ्राईज आपलेच होते."

त्याने सगळे सांगितले. पहिली प्लेट, दुसरी प्लेट, ओले हात. पच्चक्खाण मोडले म्हणून महाराजसाहेब काय म्हणतील, हे तो रडत रडत विचारीत होता. दादींनी ते ऐकून घेतले. आलोचना घेता येईल, महाराजसाहेब प्रायश्चित्त देतील, त्याचा रस्ता आहे, असे त्या शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "त्या पोराचे नाव काय?"

नातवाला ठाऊक नव्हते.

"छातीवर बिल्ला होता ना?"

होता. त्याने वाचला नव्हता.

दादी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डोळा माझाही लागला होता," आणि मुलाला हाक मारली.

वडिलांना राग आला, आणि तो आधी बटाट्याचा होता. मग काउंटरवर आपण उच्चारलेले वाक्य त्यांना आठवले असावे, कारण ते एकदम गप्प झाले. बाहेर जाऊन त्यांनी हॉटेलला फोन लावला. पलीकडून अत्यंत नम्र उत्तर आले: साहेब, काही हरकत नाही, रक्कम अगदी लहान आहे, आपण मनावर घेऊ नये. वडील परत येऊन म्हणाले, "बाई, ते म्हणतात सोडून द्या."

"ते सोडतील. त्या पोराच्या पगारातून कापले असेल तर?"

याचे उत्तर फोनवर मिळण्यासारखे नव्हते. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्री उदयपूरहूनच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास पाचही माणसे सामानासह त्याच गुलाबपाण्याच्या वासात पुन्हा उभी राहिली. काउंटरवर नवीच अडचण निघाली. बिल बंद झाले होते. रद्द केलेल्या ओळीचे पैसे घेण्याची सोय संगणकात नव्हती. रोखपाल गोंधळला. वडिलांना मात्र ही अडचण परिचयाची होती. दुकानात महिन्यातून दोनदा ती येते. "मग नवे बिल करा," ते म्हणाले. "दोन प्लेट, आजच्या तारखेने." नऊशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे बासष्ट, एकूण एक हजार बासष्ट. नातवाने खिशातून मामांनी सुट्टीसाठी दिलेली पाचशेची नोट काढली. उरलेले पाचशे बासष्ट वडिलांनी भरले.

पोरग्याला बोलाविण्यात आले. तो आला तेव्हा घाबरलेला होता. पाहुणे परत येतात ते बहुधा तक्रार घेऊन, हा त्याचा अनुभव असावा. नातू त्याच्यासमोर उभा राहिला. रात्रभर पाठ केलेले हिंदी वाक्य त्याला आठवेना, म्हणून त्याने हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले. पोरग्याला ते कळले नाही. त्याने व्यवस्थापकाकडे पाहिले, मग दादींकडे पाहिले, आणि तोही हात जोडून उभा राहिला. पगाराचे दादींनी स्पष्ट विचारले. नाही कापले, तो म्हणाला. फक्त बोलणी बसली. व्यवस्थापकाने मान हलवून दुजोरा दिला. ते खरे होते की मालकासमोर नोकर जे बोलतो ते होते, हे दादींना शेवटपर्यंत ठरविता आले नाही, आणि पुण्याला आल्यावरही त्यांनी हा विषय दोनदा काढला.

निघताना नातवाने या वेळी बिल्ला वाचला.

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. सूर्य मावळायच्या आत सर्वांनी राणकपूरच्या भोजनशाळेतून बांधून आणलेल्या पुऱ्या आटोपल्या आणि पाणी घेतले. वडिलांनी खिशातील छोटी वही उघडली आणि प्रवासखर्चाच्या पानाच्या मागे नवे पान सुरू केले. वर नातवाचे नाव लिहिले, खाली नावे बाजूस पाचशे बासष्ट रुपये. नातू वाकून पाहत होता. आपले नाव वहीत पहिल्यांदाच पाहून त्याला भीती वाटली की बरे वाटले, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हते.

"पप्पा, व्याज लागेल का?"

वडिलांनी दादींकडे पाहिले. त्यांचे चौविहार झाले होते, माळ हातात आली होती, आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या. पण या वेळी त्या झोपलेल्या नव्हत्या.