व्हिएतनामची गाडी घ्यावी का?

आमच्या घरात गाडी घ्यायची म्हटली की रंग, मायलेज, सनरूफ हे सगळं मागाहून येतं. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "कंपनी राहणार आहे का?" त्याला कारण होतं. त्यांनी हौसेने घेतलेली हॅचबॅक जुनी व्हायच्या आतच तिच्या कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. नाव सांगत नाही. असं करणारी ती काही एकटी नव्हती. पुढे दाराच्या साध्या हँडलसाठी वडील पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांचे उंबरे झिजवत. वडील आता नाहीत, प्रश्न मात्र घरात राहिला आहे.

त्यामुळे "विनफास्टची व्हीएफ ६ बघून येऊ या" असं मी म्हणालो, तेव्हा आईने तोच प्रश्न केला आणि वर विचारलं, "कुठली म्हणालास? व्हिएतनाम?" तिच्या पिढीला हा देश फक्त युद्धामुळे माहीत. सुटीत तिथे जाऊन आलेल्या भाचरांमुळे अलीकडे थोडा जास्त.

मी तिकडे वळलो तो किमतीमुळे, हे आधीच सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ही गाडी भारतात आली ती १६ लाख ४९ हजार एक्स-शोरूमपासून, आणि तेवढ्यात ५९.६ युनिटांची बॅटरी. महिंद्राची बीई ६ जवळपास एवढ्याच, म्हणजे ५९ च्या बॅटरीला १८ लाख ९० हजारांपासून सुरू झाली होती. क्रेटा इलेक्ट्रिक १७ लाख ९९ हजारांना आली ती ४२ च्या बॅटरीवर. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी. ती मोठी आणि गाडी मात्र स्वस्त, म्हणजे कुणीतरी खिशातून पैसे घालतंय. कोण, हे शोधणं मला टेस्ट ड्राइव्हपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

तर या कंपनीचे धनी फाम न्यात वुओंग. हे गृहस्थ युक्रेनमधल्या खारकीव शहरात इन्स्टंट नूडल्स करून श्रीमंत झाले. तो धंदा पुढे नेस्लेकडे गेला. मायदेशी परतून त्यांनी विनग्रुप उभा केला: घरं, मॉल, रिसॉर्ट, रुग्णालयं, शाळा. मोटारी सुरू झाल्या २०१७ मध्ये. सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या बीएमडब्ल्यूच्या जुन्या तंत्रावर बेतलेल्या होत्या. २०२२ मध्ये त्या बंद करून कंपनी पूर्ण इलेक्ट्रिक झाली. २०२४ मध्ये व्हिएतनाममध्ये सगळ्यात जास्त गाड्या तिच्याच विकल्या गेल्या. हे वाचून मान डोलवावी, तर पुढची ओळ: यातल्या बऱ्याच गाड्या विकत घेणारी टॅक्सी कंपनीही याच मालकाची. कंपनी तोट्यात आहे आणि अमेरिकेत नॅसडॅकवर नोंदलेली असल्यामुळे तोटा झाकताही येत नाही. थोडक्यात, आपल्याला मिळणारी सवलत हा एका अब्जाधीशाचा हट्ट आहे. हट्ट टिकेपर्यंत चांगलंच.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठोस आहे. तमिळनाडूत तूतुकुडीला त्यांनी कारखाना उभारला आणि ४ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला. बोटीतून गाड्या आणून विकणाऱ्यापेक्षा जमिनीत पैसा पुरणारा बरा. पण पुण्याच्या माणसाला इथेही पूर्ण धीर येत नाही, कारण तळेगाव डोळ्यांसमोर आहे. जनरल मोटर्सचाही तिथे कारखाना होता. २०१७ मध्ये त्यांनी भारतातली शेवरोलेची विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस तळेगावचं उत्पादनही थांबलं. आज त्या जागेत ह्युंदाई आहे, त्यांच्याच हालोलच्या कारखान्यात एमजी. फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांकडे. कारखाना इथेच राहतो, बोर्ड बदलतो. गाडीवाल्याचं काम बोर्डाशी असतं.

हे सगळं डोक्यात ठेवून आम्ही बघायला गेलो. आईला मुद्दाम नेलं. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिच्याइतका कडक परीक्षक आमच्याकडे दुसरा नाही. विक्रेता तरुण पुढचं दार उघडून उभा राहिला, आई मागच्या दाराकडे गेली. आत शिरताना वाकावं लागलं नाही, ही पहिली पसंती. बसल्यावर ती म्हणाली, "पाय वर आलेत." बरोबरच आहे. बॅटरी तळाला असल्यामुळे या आकाराच्या इलेक्ट्रिक गाड्यांत पाय टेकायची जागा उंच होते, गुडघे वर येतात आणि मांडीखालचा आधार जातो. हे कुठल्याही कंपनीच्या गाडीत तपासावं. कुठे दोन बोटांनी कमी, कुठे जास्त. पुढच्या सीटवर बसून गाडी पसंत करणाऱ्याला हे कधी कळतच नाही. या गाडीत आईला लांबचा प्रवास जमेल असं वाटलं, कारण पाय पुढे पसरायला जागा होती. लांबीला ही क्रेटापेक्षा आखूड, ४ हजार २४१ मिलिमीटर, पण दोन चाकांमधलं अंतर २ हजार ७३०, क्रेटापेक्षा बारा सेंटिमीटर जास्त. मधला बोगदा नसल्याने मागे तिसरा माणूसही माणसासारखा बसतो. आमच्याकडे तो मान बहुतेक वेळा माझा असतो.

पुढे बसल्यावर माझं मत जरा खाली आलं. स्टिअरिंगमागे मीटर नाहीत. वेग बघायचा तो समोरच्या काचेवर उमटणाऱ्या आकड्यात किंवा मधल्या १२.९ इंची पडद्यावर, आणि एसीसाठीही तोच पडदा चाळायचा. टेस्लापासून ही साथ सगळीकडेच पसरली आहे, त्यामुळे एकट्या या गाडीला बोल लावत नाही. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर चाचपडून सापडणारं बटण मला हवं असतं. मुलाला अर्थातच तो पडदा हीच गाडीतली सगळ्यात चांगली वस्तू वाटली. भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, सात एअरबॅग आहेत. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे बावधन-पिरंगुटची रपेट. तेवढ्यात सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्या गोड वाटतात. खरी परीक्षा आमच्या गावच्या रस्त्यावर, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण. योग असा की ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने हीच गाडी घेतली होती आणि त्यालाही कोकणात जायचं होतं. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, असे आम्ही निघालो.

एआरएआयच्या कागदावर ४६८ किलोमीटर लिहिले आहेत. तो आकडा वाचून सोडून द्यावा. महामार्गावर शंभरच्या आसपास वेग ठेवला की बॅटरी भराभरा उतरते. ऐंशी-पंच्याऐंशीला आली की शांत होते. घाटाची भीती उगाच घालतात, खरा खादाड वारा आहे. हिशोब करून बघा: माणसांसकट दोन टनांची गाडी सहाशे मीटर वर चढवायला सुमारे चार युनिट लागतात, म्हणजे या बॅटरीतले सहा-सात टक्के. उतरताना त्यातले बरेचसे परतही येतात, कारण ब्रेकऐवजी मोटरच गाडी आवरते आणि वीज बॅटरीत ढकलते. कुंभार्ली उतरताना टक्का वाढताना बघून मागून आईने विचारलं, "म्हणजे डोंगर उतरला की पेट्रोल वाढतं?" अगदी तसंच, आई.

मात्र याची दुसरी बाजू परतीला दिसते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, चिपळूण जवळपास समुद्रालगत. जाताना सव्वादोनशे किलोमीटरला निम्म्याहून थोडी जास्त बॅटरी गेली. परत येताना तेवढ्याच अंतराला दोन-तृतीयांश धरावी लागते. म्हणजे खाली रात्रभर चार्ज करणं आलंच.

आणि इथे गावच्या घराने आम्हाला शिकवलं. पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला केबल लावली, तर गाडी वीज घेईना. लाल दिवा. सहकारी घाबरला, मी फोन काढला, आणि शेजारच्या काकांनी वायरमनला हाक मारली. तो आला, टेस्टर लावला आणि म्हणाला, "गाडी बरी हाय ओ, घराला अर्थिंगच नाय." इतकी वर्षं त्या घरात मिक्सर, पंप, फ्रीज सगळं चाललं होतं. कुणी तक्रार केली नव्हती. इलेक्ट्रिक गाडी मात्र अर्थिंग सापडल्याशिवाय चार्ज घेत नाही, आणि माणसाला शॉक बसू नये म्हणून तिने तसंच करायला हवं. वायरमनने परसात खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा भरला, वर पाणी ओतलं, तार ओढली. संध्याकाळी दिवा हिरवा झाला. पंधरा अँपिअरवर तासाला अडीच-तीन युनिट. सकाळपर्यंत परतीपुरती बॅटरी भरली. कोकणात, विदर्भात, कुठेही जुनं घर असेल तर गाडी घ्यायच्या आधी अर्थिंग बघून घ्या. गाडी नाही घेतलीत तरी बघून घ्या.

वाटेत एका हॉटेलच्या आवारातल्या फास्ट चार्जरवरही थांबलो होतो. दोन गन, एक बंद, दुसरीवर टॅक्सी. ॲप डाउनलोड करा, पैसे भरा, मग कळतं. कंपनीने जुलै २०२८ पर्यंत व्ही-ग्रीनच्या चार्जरवर फुकट चार्जिंग देऊ केलं आहे. व्ही-ग्रीनही त्याच मालकाची. चांगली गोष्ट, पण तो चार्जर आपल्या वाटेवर हवा. ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर नाही त्याने कितीही फुकट असलं तरी या भरवशावर गाडी घेऊ नये. आमच्या सोसायटीत त्या परवानगीसाठी मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. "आग लागली तर?" हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरात गॅसचे दोन-दोन सिलिंडर होते, पण ते असो.

पैशांचं सांगायचं तर घरच्या विजेचं युनिट दहा रुपयांना धरलं तरी पुणे-चिपळूण चारशे रुपयांच्या आत-बाहेर होतं. पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला त्याच वाटेला पंधराशेच्या वर लागतात. राज्य सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली ती द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर. आमचा साताऱ्याचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग, त्यामुळे खेड शिवापूर आणि आनेवाडीला टोल भरावाच लागतो. टोलमाफीच्या जाहिरातीवर खूश होताना आपण जातो कुठल्या रस्त्याने, हे बघावं.

राहता राहिला वडिलांचा प्रश्न. त्याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो आणि तीनच वस्तूंबद्दल विचारलं: पुढची काच, पुढचा बंपर, डावा आरसा. आपल्या शहरांत गाडीचं पहिलं नुकसान याच तिघांपैकी एकाचं होतं. किंमत काय, आज शहरात आहे का, नसेल तर कुठून आणि कशी येते, हे कागदावर लिहून द्या म्हटलं. लिहून मिळालं. दुरुस्तीसाठी मायटीव्हीएसच्या जाळ्याशी करार असल्याचंही कळलं, म्हणजे कंपनीचं स्वतःचं केंद्र नसेल तिथेही कुणीतरी हात लावणारं आहे. वॉरंटी सात वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. कंपनी टिकली तरच वॉरंटीला अर्थ, हे खरं; पण हे टाटा-महिंद्रांच्या 'लाइफटाइम' बॅटरी वॉरंटीलाही लागू आहे, फक्त तिथे टिकण्याची शंका कुणी घेत नाही. दोन-अडीच लाखांचा फरक आहे तो या शंकेचा. मी त्याच्याकडे असंच पाहिलं: कंपनी मला धोका पत्करण्याचे पैसे देते आहे. ते पुरेसे आहेत का, एवढंच ठरवायचं.

माझा निकाल असा. चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने ही घेऊ नये. त्या वेळी तिला काय भाव येईल हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि वाचलेले दोन लाख तिथेच जाऊ शकतात. घरात एकच गाडी असणाऱ्याने आणि कंपनीचं केंद्र दूर असलेल्या गावातल्याने वर्षभर थांबावं. पण दहा वर्षं वापरायची तयारी, पार्किंगमध्ये चार्जर, शहरात सर्व्हिस सेंटर आणि अडीनडीला दुसरी गाडी असेल, तर एवढ्या पैशांत एवढी बॅटरी आणि मागे एवढी जागा मला दुसरीकडे दिसली नाही.

आम्ही घेतली. काचेच्या छताचे वरचे पन्नास हजार वाचवले, जुनी पेट्रोल गाडी विकली नाही. तुम्ही बघायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या, त्यांना अर्धा तास मागे बसवा, आणि बंपरची किंमत लिहून घेतल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.